सांधा फुलातून जातो की फुलाभोवती?

प्रश्न असा आला आहे: "इस्तंबूलला तोपकापी राजवाड्याच्या आवारातला चिनिली कोश्क हा छोटा महाल पाहिला आणि दोन महिन्यांनी बिदरला महमूद गवानाचा मदरसा पाहिला. दोन्हीकडची निळी नक्षी एकाच घरातली वाटली. ही नक्षी टाइलवर रंगवलेली असते की तुकडे जोडून केलेली? रंगवणं सोपं असताना जोडायचा खटाटोप कशासाठी? आणि बिदरची इतकी झडली का?"

मी कुंभारकाम शिकून या क्षेत्रात आलो आणि पुढची बरीच वर्षं जुन्या टाइल्सच्या दुरुस्तीत गेली. त्यामुळे मला उत्तर राजांपासून सुरू करता येत नाही, भट्टीपासूनच करावं लागतं.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे. भिंतीजवळ जा आणि रंग सोडून फक्त सांधे पाहा. ठरावीक अंतरावर सरळ उभ्या-आडव्या रेघा दिसल्या आणि त्या पाना-फुलांना मधोमध कापत गेल्या, तर चौकोनी टाइलवर चित्र काढून ती भाजलेली आहे. याउलट सांधा पाकळीच्या कडेकडेने वळत गेला, म्हणजे रंग बदलतो तिथेच सांधा असला, तर ते जोडकाम. पाकळी हा एक तुकडा, तिचा देठ दुसरा, मागची निळी जमीन तिसरा. देठ वेलीला चुकवून पुढे गेला असेल, तर तेवढी जमीनही त्या वळणात कापून बसवलेली असते. एका तळहाताएवढ्या जागेत पन्नास तुकडे सहज असू शकतात.

मधली एक पद्धत माणसाला फसवते. तिच्यात टाइल एकच, पण दोन रंगांच्या मध्ये तेलकट पदार्थ आणि मँगनीज यांची बारीक काळी रेघ ओढतात. भट्टीत तेल जळून जातं, तोपर्यंत रंग एकमेकांत मिसळत नाहीत आणि मागे एक मंद, न चमकणारी काळी रेघ उरते. लांबून ती सांध्यासारखी दिसते. बोटाने चाचपायचा मोह आवरा आणि तिरप्या उजेडात पाहा. सांध्यापाशी दोन तुकड्यांची चकाकी वेगवेगळ्या कोनात तुटते, रेघेपाशी तुटत नाही. इराणात या रेघेच्या पद्धतीचा पुढचा अवतार हफ्त-रंगी, म्हणजे सात रंगी, या नावाने ओळखला जातो. जोडकामाला तिथे मुअर्रक म्हणतात.

आता खटाटोपाचा प्रश्न.

झिलई म्हणजे टाइलवर वितळवलेली काच. तिच्यात तांबं घातलं की काय रंग येईल हे केवळ तांब्यावर ठरत नाही, ती काच कशाची आहे यावर ठरतं. काच सोड्याची असेल तर तांब्याचा पिरोजी रंग मिळतो. हा सोडा तिकडे वाळवंटी झुडपांच्या राखेतून काढत. त्याच काचेत शिसं वाढवत गेलात की तोच पिरोजी हिरव्याकडे सरकतो. आणि पिवळ्याला तर शिसं हवंच. म्हणजे एकाच टाइलवर पिरोजी आणि पिवळा शेजारी-शेजारी ठेवणं हे दोन न पटणाऱ्या माणसांना एका खोलीत कोंडण्यासारखं आहे. त्यात कोबाल्टचा गडद निळा पटकन ओघळतो, कथलाचा पांढरा जाड आणि जागच्या जागी राहणारा. एकाला पुरेशी आच दुसऱ्याला जास्त होते. सगळे रंग एका टाइलवर घेतले की सगळ्यांना एकाच आचेत गाठावं लागतं, आणि त्या तडजोडीत प्रत्येकाची थोडीथोडी चमक जाते.

जोडकामात ही अडचणच उरत नाही. पिरोजीच्या पूर्ण टाइल्स वेगळ्या भाजल्या, निळ्याच्या वेगळ्या, पांढऱ्याच्या वेगळ्या. प्रत्येकीला तिची स्वतःची काच, तिची स्वतःची आच. प्रत्येक रंग त्याच्या पूर्ण तेजावर आला, की मग कापायचं आणि जोडायचं. शाही इमारतींवरचा तो खोल निळा कित्येक शतकांनंतरही ओला वाटतो, त्यामागे ही वेगळी भाजणी आहे.

टाइलची माती हा यातला दुसरा भाग. मला तो फार आवडतो, कारण माझी पहिली फजिती तिथेच झाली. शिकत असताना मी साध्या लाल मातीच्या टाइलवर सोड्याची पिरोजी झिलई चढवली. भट्टीतून निघाली तेव्हा देखणी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर केसासारख्या चिरांचं जाळं सगळीकडे. सोड्याची काच थंड होताना खूप आकसते, माती तेवढी आकसत नाही, म्हणून काच ताणली जाऊन तडकते. यावरचा उपाय इराणी कारागिरांना शतकांपूर्वी सापडला होता. काशानच्या कुंभारांच्या एका नामांकित घराण्यातला अबुल कासिम १३०१ मध्ये इलखानी, म्हणजे इराणच्या मंगोल राजांच्या, दरबारात लिहिताना कृती देतो: दहा भाग दळलेली गारगोटी, एक भाग काचेची भुकटी, एक भाग पांढरी माती. गारगोटीही थंड होताना चांगलीच आकसते, त्यामुळे खालची टाइल आणि वरची काच बरोबरीने आकसतात. शिवाय असली टाइल बारीक रव्याची असते. छिन्नी लावली की ती हव्या त्या रेषेत तुटते, चिवट मातीसारखी वाकडी फुटत नाही. हा अबुल कासिम निळ्यासाठी लागणारा कोबाल्टचा दगड काशानजवळच्या कमसर गावच्या डोंगरातून येतो, हेही नोंदवून ठेवतो. टाइलला फारसीत 'काशी' म्हणतात ते याच काशानवरून.

कापायची रीत आजही इस्फहानच्या कारखान्यांत बघायला मिळते. पूर्ण मापाचं चित्र कागदावर काढतात. त्याची एक प्रत जपून ठेवतात आणि दुसरी कापून तिचे कागदी तुकडे ज्या त्या रंगाच्या टाइलवर चिकटवतात. मग वाकसासारख्या, आखूड दांड्याच्या धारदार हत्याराने टाइलचा नको असलेला भाग टिचक्या मारत उडवायचा. ठोका झिलईच्या बाजूने पडतो. मागची बाजू किंचित आत तासायची, म्हणजे समोर कडा एकमेकींना भिडतात आणि मागे पाचरीसारखी पोकळी राहते. शेवटी कानस. सगळे तुकडे जपून ठेवलेल्या चित्रावर पालथे मांडायचे, झिलई खाली आणि पाठ वर, आणि वरून जिप्समचा पातळ लगदा ओतायचा. तो त्या पोकळ्यांत शिरून घट्ट होतो. झाली एक फळी. ती उचलून भिंतीवर आणखी लगद्याने बसवतात. कमानीच्या पोटासाठी फळीही तशाच वळणाच्या साच्यावर घडवावी लागते. जिप्समच्या या लगद्याला फारसीत गच म्हणतात. आपल्या 'चुनेगच्ची'तला गच तोच.

मी स्वतः सहा टोकांचा तारा कापायला बसलो तेव्हा पहिल्या दिवशी दहातले सात फुटले, तेही शेवटच्या टोकाला. सरळ कडांचा तारा हे नवशिक्याचं काम. उस्तादाचं काम नस्तालीक किंवा सुलुस या वळणदार फारसी-अरबी लिपीशैलींतल्या अक्षरांची पट्टी, कारण अक्षराची पातळ होत जाणारी शेपटी गारगोटीच्या टाइलमधून काढायची आणि तिच्या शेजारची जमीन त्याच वळणाने आत कोरायची. आतली वळणं बाहेरच्या वळणांपेक्षा कितीतरी अवघड, तिथे टाइल हमखास फुटते. अक्षरांची पट्टी पाहताना मी अक्षरांपेक्षा त्यांच्यामधली जमीन बघतो. कारागीर किती तयारीचा होता ते तिथे कळतं.

ही कला एका दिवसात इथवर आली नाही. बुखाऱ्याच्या कल्याण मनोऱ्यावर, ११२७ मध्ये, साध्या विटांच्या भल्यामोठ्या उंचीत पिरोजी झिलईची केवळ एक अरुंद पट्टी आहे. तेराव्या शतकात अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, कोन्याला सेल्जुक या तुर्की घराण्याच्या अमलात जोडकाम भिंतीभर पसरलं. १२५१ च्या कराताय मदरशाच्या घुमटात पिरोजी, काळा, पांढरा एवढ्याच रंगांत अख्खं तारांगण मांडलेलं आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यावर यझ्द, किरमान, इस्फहानकडे रंग वाढले आणि भूमितीच्या जोडीला वेली आल्या. त्या काळचं काम नाकासमोर पाहायचं असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इस्फहानच्या इमामी मदरशाचा १३५४-५५ चा मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, आहे. उंची जवळजवळ साडेतीन मीटर. भिंतीवरच्या कामाला सहसा इतक्या जवळ जाता येत नाही. कोणी मराठी माणूस तिकडे राहत असेल तर मी आवर्जून त्याला तिथे पाठवतो.

मग तैमूर. तो शहरं जिंकायचा आणि तिथले कारागीर समरकंदला हलवायचा. समरकंदच्या शाह-इ-झिंदा कबरस्तानात याचा परिणाम दहा-पंधरा पावलांत दिसतो. १३७२ ची, त्याच्या भाचीची, शाद-इ-मुल्क आकाची कबर मुख्यतः कोरून झिलई चढवलेल्या मातीची. १३८५-८६ ची, त्याच्या बहिणीची, शिरीन बिका आकाची कबर जोडकामाची. चौदा वर्षांत हात बदललेला कळतो. शहरीसब्जला त्याने आक सराय, म्हणजे पांढरा महाल, १३८० मध्ये सुरू केला. स्पेनमधल्या कॅस्टिलच्या राजाचा वकील क्लाविहो १४०४ मध्ये तिथे पोचला तेव्हाही काम चालूच होतं आणि तो निळ्या-सोनेरी टाइल्सचं वर्णन लिहून गेला. आज दरवाजाचे दोन तुटके बुरूजच उभे आहेत, कमान कोसळली आहे, पण त्यावर एका तब्रीझकराची, मुहम्मद यूसुफची, सही वाचता येते. राजवाड्यावर कारागिराचं नाव राहिलेलं पाहिलं की मला बरं वाटतं.

आता तुमच्या दोन इमारती. त्या एकाच घरातल्या वाटल्या ते खरंच आहे.

चिनिली कोश्क दुसऱ्या मेहमेदने, इस्तंबूल जिंकणाऱ्या सुलतानाने, आपल्या विसाव्यासाठी बांधला. दरवाजावरच्या लेखात हिजरी ८७७ म्हणजे १४७२ साल आहे. तो लेख फारसीत, गडद निळ्यावर पांढरा, आणि जोडकामात. हे आपसूक झालेलं नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी बुर्साच्या हिरव्या मशिदीत ऑटोमन सुलतानासाठी 'तब्रीझच्या उस्तादांनी' सहीनिशी काम केलं होतं, ते बरंचसं काळ्या रेघेच्या पद्धतीचं. म्हणजे सोपी, जलद पद्धत घरात आलेली होती. तरी मेहमेदने जोडकाम निवडलं, कारण तेव्हा हेरातच्या तैमुरी, म्हणजे तैमूरच्या वंशजांच्या, दरबाराची जी शान होती ती या पद्धतीशी जोडलेली होती. तोपकापीच्या दप्तरात तारीख नसलेला एक अर्ज आहे. लिहिणारे स्वतःला 'काशीतराशाने-खुरासान' म्हणवतात, म्हणजे खुरासानचे (हेरातच्या बाजूच्या मुलखाचे) टाइल कापणारे, आणि आपली हलाखी सुलतानापुढे मांडतात. अभ्यासक त्याचा संबंध या कोश्काशी लावतात. शब्द पाहा: तराश. संगतराश दगड घडवतो तसे हे काशी घडवणारे, आणि ओळख सांगताना त्यांनी कापण्याचंच नाव घेतलं.

बिदरचा मदरसाही त्याच सुमाराचा, १४७२ चा. बांधणारा महमूद गवान हा कास्पियन समुद्राकाठच्या गीलानचा. १४५३ च्या आसपास तो आपल्या कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरला, तिथून बिदरला गेला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. मदरसा उभा राहिला त्याच सुमारास त्याने विजयनगरकडून गोवा जिंकून घेतलं. त्याची पत्रं जपली गेली आहेत आणि त्यांत दुसऱ्या मेहमेदला लिहिलेलीही आहेत. १४८१ च्या एप्रिलमध्ये गवानाला त्याच्याच सुलतानाने एका बनावट पत्रावरून फितुरीचा आरोप ठेवून मारलं. पुढच्याच महिन्यात मेहमेदही वारला. बॉस्फरसच्या काठावर आणि दख्खनच्या पठारावर दोन माणसं एकाच वेळी एकाच इराणी धाटणीकडे डोळे लावून बसली होती, एवढं यातून नक्की म्हणता येतं. कारागीर ज्या वाटांनी फिरायचे त्याच वाटांनी कागदावरची नक्षीही फिरायची. तोपकापीतच साडेएकोणतीस मीटर लांबीची एक गुंडाळी आहे, तिच्यात ११४ आकृत्या आहेत, बांधकामावर उतरवायच्या.

नावाचंही तेच. तुर्कीत टाइलला चिनी, म्हणून चिनिली कोश्क. आपल्याकडे दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे, भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्समुळे हे नाव पडलं. गोवळकोंड्याच्या अबुल हसन तानाशाहाला औरंगजेबाने तिथेच कैदेत ठेवलं होतं. त्याच किल्ल्यातला चांदमिनारही कधी झिलईच्या टाइल्सनी मढवलेला होता. आज त्याकडे पाहून ते खरं वाटत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

बिदरला जोडकाम आणि रंगवलेल्या टाइल्स दोन्ही आहेत, तेव्हा सांध्याची परीक्षा प्रत्येक इमारतीवर नव्याने करा. मदरशाच्या उरलेल्या मनोऱ्यावरचे नागमोडी पट्टे बघा, किल्ल्यातला तख्त महाल आणि रंगीन महाल बघा, बिदरजवळच्या अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत, त्यांपैकी अलाउद्दीन अहमदशहाची बघा. रंगीन महालात, बहमनींनंतरच्या बरीदशाही काळात, काळ्या बसाल्टमध्ये शिंपले कापून बसवले आहेत. काम दगड-शिंपल्याचं असलं तरी हात तोच: आकार कापायचा, त्याच्या मापाचं घर कोरायचं, आत बसवायचा. बिदरीच्या भांड्यात चांदी बसवणाराही हेच करतो.

झडली का, याचं एक कारण ठाऊक आहेच. १६९६ च्या सुमारास मदरशात ठेवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, आणि दर्शनी बाजूचा मोठा भाग आणि दोनपैकी एक मनोरा गेला. बाकीचं काम पाण्याने केलं. जिप्सम पाण्यात विरघळतं. लिटरभर पाणी दोन ग्रॅमहून थोडं जास्त जिप्सम घेऊन जातं. ऐकायला कमी वाटेल, पण सांध्यातून दर पावसाळ्यात थोडं थोडं असं पाचशे वर्षं मोजा. समरकंदला वर्षाला साधारण साडेतीनशे मिलीमीटर पाऊस पडतो, बिदरला त्याच्या दुपटीहून अधिक, आणि तोही चार महिन्यांत कोसळतो. इथे चुन्याचा आधार असला तरी पाणी टाइलच्या मागे शिरतंच. आत शिरलेलं पाणी क्षार विरघळवतं, उन्हाळ्यात ते क्षार झिलईच्या मागे स्फटिक होऊन फुगतात आणि तुकडा पुढे ढकलतात. गारगोटीच्या टाइल्स सच्छिद्र असतात, त्यामुळे कधी अख्खा तुकडा पडतो तर कधी नुसती झिलई पापुद्र्यासारखी सुटते. लोकांना वाटतं रंग उडाला. रंग उडत नाही, काच निघून जाते.

आणि सिमेंट. एका जुन्या वास्तूवर, नाव घेत नाही, सुटलेल्या टाइल्स कोणीतरी सिमेंटने पक्क्या केल्या होत्या. मला बोलावलं तेव्हा सिमेंटखालचा तुकडा जागच्या जागी होता आणि त्याच्या चारही बाजूंचे पडले होते. सिमेंट पाण्याला वाट देत नाही, वर स्वतःचे क्षार सोडतं, म्हणून पाणी आजूबाजूच्या सांध्यांतून बाहेर पडलं आणि त्या तुकड्यांना घेऊन गेलं. सिमेंट काढताना दोन मूळ तुकडे माझ्या हातून फुटले. ती सल अजून आहे. दुरुस्तीला चुना किंवा जिप्समच वापरा, पाणी वरून कुठून शिरतं ते आधी शोधा, आणि गेलेल्या जागी नवी टाइल बसवायची घाई करू नका.

ही घाई करू नका म्हणतो त्याला कारण आहे. जोडकामाचा तुकडा पडला की मागच्या थरात त्याच्या पाठीचा ठसा राहतो, नेमक्या बाह्यरेषेसकट. त्या ठशावरून गेलेली पाकळी, गेलेलं अक्षर पुन्हा काढता येतं. रंगवलेली चौकोनी टाइल पडली तर मागे चौकोन उरतो, त्यावरचं चित्र कायमचं गेलेलं असतं. रिकाम्या जागा भरून टाकल्या की हे वाचता येत नाही.

शेवटी एक राहिलं. जोडकाम थांबलं का? पूर्ण थांबलं नाही, पण इस्फहानला शाह अब्बासच्या मोठ्या मशिदीत, १६११ पासून, बरंचसं काम हफ्त-रंगीत झालं. जागा अफाट होती आणि राजाला घाई होती. त्या मशिदीला मी कमी लेखत नाही, पण तिच्या प्रवेशद्वारातलं जोडकाम आणि आतल्या भिंतींवरच्या टाइल्स एकाच दुपारी पाठोपाठ पाहा. आतला निळा थोडा सपाट वाटेल.

बिदरला पुन्हा जाल तेव्हा सकाळी लवकर जा. मदरशाचं तोंड पूर्वेला आहे, त्या वेळी ऊन तिरपं पडतं आणि सांधे उठून दिसतात. दुर्बीण न्या. मनोऱ्यावर जिथे टाइल्स नाहीत तिथेच ती आधी रोखा आणि ठसे दिसतात का ते शोधा. दिसले तर फोटो काढून पाठवा, तिरप्या उन्हातला हवा, फ्लॅश नको.